माती ओली, तरी पंप चालूच

प्रश्न : गच्चीवरच्या 12 कुंड्यांसाठी आर्डुइनो युनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), मातीत खोचायचा ओलावा मोजणारा दोन दांड्यांचा सेन्सर, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच) आणि 12 व्होल्टचा छोटा पंप जोडला. काही दिवस नीट चाललं. आता चिखल झाला तरी पंप थांबत नाही. पंप सुरू होताना कधी कधी बोर्डही रीसेट होतो. प्रोग्राम चुकलाय का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : प्रोग्रामला तूर्त हात लावू नका, आधी सेन्सर उपसून बघा. एका दांडीवरचा मुलामा खाल्लेला दिसेल. ओल्या मातीतून एकाच दिशेने सतत वीज वाहिली की धन बाजूचा धातू विरघळतो. मग ओली मातीही सेन्सरला कोरडी वाटते. त्याऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही. मात्र त्या पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं. कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि वरचे इलेक्ट्रॉनिक भाग मातीबाहेर ठेवा.

कपॅसिटिव्ह सेन्सरचे आकडे कोरड्यात जास्त, ओल्यात कमी येतात. दुसऱ्याचे आकडे उचलू नका, तुमच्याच कुंडीत मोजा. समजा कोरडीत 560 आणि भिजल्यावर 290 आले, तर 480 च्या वर पंप सुरू, 360 च्या खाली बंद. एकच आकडा ठेवलात तर रिले टकटक करत बसतो. शिवाय पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून पंप 20 सेकंद चालवून 10 मिनिटं थांबा. दिवसातून किती वेळा चालायचं याची मर्यादाही घालाच. सेन्सर बिघडला तरी झाड कुजणार नाही.

आपल्याकडची खरी अडचण काळ्या मातीची. वाळली की ती आकसते, सेन्सरभोवती फट पडते आणि तो हवाच मोजतो. पाणीही भेगेतून थेट खाली निघून जातं. कुंडीत नुसती काळी माती नको. शेणखत आणि कोकोपीट भरपूर मिसळा.

रीसेटचं कारण पंप. सुरू होताना तो जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं. पंपाला 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या. पंपाच्या दोन वायरींवर 1एन4007 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हला. उलटा लावलात तर शॉर्ट होईल.

पाण्याची टाकी कुंड्यांपेक्षा उंच असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी वाहत राहतं. ती खाली ठेवा. आणि मे महिन्यात दुपारी पंप चालूच देऊ नका. काळ्या नळीतलं पाणी तेव्हा चटका बसण्याइतकं तापतं. बोर्डला वेळ सांगणारं डीएस3231 घड्याळ जोडून पहाटे 5 ते 7 हीच वेळ ठेवा, लागलं तर सूर्यास्तानंतर आणखी एकदा.