हप्ते फिटले, शेरा मात्र ‘सेटल्ड’

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करतो. २०२३ मध्ये ओव्हरटाइम बंद झाल्याने क्रेडिट कार्डाचे दोन महिन्यांचे बिल थकले. बँकेने १,८६,००० रुपयांची थकबाकी दरमहा १५,५०० रुपयांच्या बारा हप्त्यांत फेडण्याची लेखी मुभा दिली. मी एकही हप्ता चुकवला नाही. ‘नो ड्यूज’ पत्रही घेतले. आता पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेसाठी गृहकर्ज मागितले, तर सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा असून हप्ते चालू असतानाच्या महिन्यांतही ९० ते १८० दिवसांचा उशीर दिसतो, असे सांगून अर्ज थांबवला गेला. एक एजंट १५,००० रुपयांत आठ दिवसांत नोंद पुसून देतो म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एजंटाला नकार द्या आणि कोणताही ओटीपी सांगू नका. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय पतमाहिती कंपनी (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी, सिबिलसारखी कंपनी) स्वतःहून नोंद बदलत नाही. शिवाय ज्या तक्रारीसाठी तो पैसे मागतो, ती आपल्याला विनामूल्य करता येते.

आपल्या प्रकरणाचा निकाल बहुधा बँकेच्या त्या लेखी पत्रातील शब्दांवर लागेल. ‘सेटल्ड’ याचा अर्थ बँकेने येणे रकमेपैकी काही भाग सोडून देऊन खाते मिटवले. आपले बारा हप्ते मिळवले तर बरोबर १,८६,००० रुपये होतात, म्हणजे आपण सांगता त्या हिशेबाने काहीच सोडलेले दिसत नाही आणि शेरा ‘क्लोज्ड’ असायला हवा. मात्र पत्रात ‘वेव्हर’ (माफी), ‘सवलत’ किंवा ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असे शब्द आहेत का, ते नीट पाहा. हप्त्यांच्या काळातील व्याज आम्ही माफ केले, असा पवित्रा बँक त्यांच्याच आधारे घेऊ शकते. तसे असेल, तर माफ केलेली रक्कम भरल्यास शेरा बदलून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारा आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

उशिराच्या दिवसांचेही असेच दोन भाग पडतात. हप्त्यांच्या योजनेपूर्वी थकलेले दोन महिने खरे आहेत. ते कितीही तक्रारी केल्या तरी पुसले जाणार नाहीत, आणि पुसले जावेत असा आग्रह धरल्यास आपल्या रास्त तक्रारीचे वजनच कमी होईल. हप्त्यांच्या काळातील नोंदींवर मात्र आपण बोट ठेवू शकता. पत्राने थकबाकीला नवी मुदत दिली असेल, तर जुन्या देय तारखेपासून दिवस का मोजले, असा नेमका प्रश्न महिन्यांची नावे देऊन विचारा.

तक्रार बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि पतमाहिती कंपनीकडे एकाच वेळी करा. योजनेचे पत्र, बारा हप्त्यांचे खातेउतारे आणि ‘नो ड्यूज’ पत्र जोडा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो चौघींकडून मागवा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहू शकते. (आपल्याकडे ‘सिबिल’ हा शब्द चारही कंपन्यांसाठी सरसकट वापरला जातो, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो.)

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तक्रारीचा निपटारा ३० दिवसांत व्हावा लागतो आणि त्यातील पहिल्या २१ दिवसांत बँकेने सुधारित माहिती पाठवायची असते. मुदत उलटल्यास २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते; त्यालाही शुल्क नाही, आणि सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

दरम्यान गृहकर्जाच्या शाखेत ‘नो ड्यूज’ पत्राची प्रत आणि तक्रारीची पोच देऊन ठेवा, आणि निकाल लागेपर्यंत दुसऱ्या चार बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते.