मायक्रोलेन्स लावूनही उजेड १५ टक्केच वाढला? आधी मोजमाप तपासा

१.१ मिमी काच, २ × २ मिमी हिरवा ओएलईडी (सेंद्रिय एलईडी) पिक्सेल, वर पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) मायक्रोलेन्स फिल्म, म्हणजे बारीक भिंगांची चादर, आणि पेपरातल्या ५० टक्क्यांऐवजी वाढ फक्त १५. तुमचं हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. फिल्मचा साचा बदलू नका, तो बहुधा ठीकच असेल.

काचेत अडकलेला उजेड तिरका धावतो. ६० अंशांनी निघालेला किरण वर पोचेपर्यंत १.९ मिमी बाजूला सरकतो, म्हणजे पिक्सेलच्या बाहेर. तिथे लेन्स नसली की तो परत आत. फिल्म पिक्सेलएवढीच कापणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चारही बाजूंनी किमान ४ मिमी जास्त ठेवा. फिल्म मोठी असली तरी स्पॉट मीटर (एका ठिपक्याची उजळपणा मोजणारं यंत्र) पिक्सेलच्या मध्यावरच रोखलेला असतो. भोवतीच्या वलयातून निघणारा उजेड त्याला दिसतच नाही, आणि त्या एका वाचनाला लॅम्बर्शियन (सगळ्या कोनांतून सारखंच उजळ) धरून काढलेली ईक्यूई (दर इलेक्ट्रॉनमागे बाहेर पडणारे फोटॉन) निव्वळ थाप.

खरं तर इंटिग्रेटिंग स्फिअरच (सगळ्या दिशांचा उजेड एकत्र मोजणारा पोकळ गोल) हवा. पण आमच्या वाट्याला आलेल्या सामायिक उपकरण केंद्राच्या फॉर्मवर 'ल्युमिनन्स (उजळपणा), ० अंश' एवढा एकच रकाना! कोन बदलून मागितला की नवा अर्ज, नवी फी. नाव घेत नाही. तुमच्याकडेही तीच गत असेल तर फिरता स्टँड घ्या, २० सेमीवर पुढे भिंग नसलेला सिलिकॉन फोटोडायोड (उजेड मोजणारा सेन्सर) लावा, ० ते ८० अंश दर १० अंशांना वाचन घ्या. प्रत्येक वाचन त्या कोनाच्या साइनने गुणून बेरीज करा. काचेच्या कडा फिल्मसह आणि फिल्मशिवाय, दोन्ही वेळा काळ्या हव्यात, नाहीतर कडेचा उजेडही हिशेबात घुसतो.

व्होल्टेज नव्हे, करंट स्थिर ठेवा: ०.४ मिलिअँपिअर, म्हणजे १० मिअँ/सेमी². आधी फिल्मशिवाय, मग फिल्मसह, मग सोलून पुन्हा फिल्मशिवाय. पहिलं आणि तिसरं वाचन जुळत नसेल तर पिक्सेल म्हातारा होतोय, लेन्सला बोल लावू नका.

फिल्मखाली बुडबुडा राहिला की तेवढ्या जागेत फायदा शून्य, कारण किरण काच-हवेच्या सीमेवरूनच मागे फिरतो. शिवाय पीडीएमएसचा अपवर्तनांक १.४१, काचेचा १.५१, त्यामुळे ६९ अंशांपलीकडचे किरण फिल्ममध्ये शिरतच नाहीत. १.५६ चा यूव्ही ऑप्टिकल अ‍ॅडहेसिव्ह वापरून लेन्स थेट काचेवर छापली तर ही अडचण उरत नाही.

हे सगळं बॉटम-एमिशनच्या, म्हणजे काचेतून उजेड बाहेर टाकणाऱ्या, दिव्यांपुरतं. डिस्प्लेवर असली फिल्म लावाल तर शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतील. अडकलेला उजेड काढायला आयटीओखाली (पारदर्शक इलेक्ट्रोडखाली) सुरकुत्यांची नक्षी करायचा मोह सध्या तरी आवरा: सेंद्रिय थर जेमतेम १०० नॅनोमीटर, नक्षी ५०–६० नॅनोमीटर खोल गेली की करंटची गळती सुरू. १ व्होल्टला करंट मोजलात की लगेच कळेल.