माझा मुलगा नऊ वर्षांचा, वजन ४४ किलो. मुलांमधला लठ्ठपणा रोखायचे नवीन उपाय कोणते?

नवीन म्हणाल तर शाळेतला साखर फलक. सीबीएसईने मे २०२५ मध्ये तसं परिपत्रक काढलं. मला ते पाठ आहे, कारण त्यावरून आमच्या घरात महाभारत झालं.

माझा नातू तुमच्या मुलाच्याच वयाचा. गेल्या वर्षी त्याच्या शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा सूनबाईंनी निकाल दिला: आजोबांचे पेढे! एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, पैशाचा हिशोब कधी चुकला नाही. म्हटलं, पेढा दिवसाला एक. तू दोन्ही वेळा दुधात चॉकलेटची पावडर घालतेस तो काय अंगारा आहे? तर म्हणे, "बाबा, ती उंची वाढायला असते."

मग नातवाला पथ्य. आम्ही भजी खाणार, तो काकडी. आठव्या दिवशी पोरगं बाथरूममध्ये बिस्किटं खाताना सापडलं. रडलं बिचारं. मी आधीच बजावलं होतं, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण.

पुढे शाळेत फलक लागला. कुठल्या पेयात किती साखर, शेजारी तेवढी साखर पिशवीत भरून टांगलेली. तेव्हापासून हा डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत सुटला. पावडरीत १०० ग्रॅमला ३२ ग्रॅम साखर निघाली! वर सूनबाई चमचाभर घालायच्या ती वेगळी. परिपत्रकात म्हटलंय, ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखर १३ टक्के, हवी ५ टक्क्यांच्या आत. मी ते जेवणाच्या टेबलावर दोनदा मोठ्याने वाचलं. (नंतर नातवाने लेबल वाचायला माझाही बिस्किटपुडा उलटा केला. असो.)

तेव्हा पोराला नाही, घराला पथ्य लावा. थोरली नात काडीसारखी म्हणून तिला सगळं माफ होतं, तेही चूक. पुण्याच्या मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय की आपली बाळं इंग्रजांच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण अंगात चरबी त्या मानाने जास्त. बारीक दिसतं म्हणजे सुटलं असं नाही.

आणि सरकारवर विसंबू नका. महाराष्ट्रात शाळेच्या कँटीनमधून चिप्स-कोल्ड्रिंक हटवायचा आदेश २०१७ चा आहे. गेटबाहेरची गाडी जागच्या जागी आहे.

आम्ही शाळेची व्हॅन बंद केली. दीड किलोमीटर मी चालत सोडतो, चालतच आणतो. संध्याकाळची शिकवणीही सोडवली, तो तास आमराईत पळण्याचा. ट्यूशनवरून सूनबाई अजून धुमसतात. पण मुलांना रोज तासभर घाम यायला हवा हे डब्ल्यूएचओ सांगतं, मी नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगायला हवं होतं. मुलगा झोपेत घोरत असेल किंवा मानेची कातडी काळी, जाडसर दिसत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. वजन उतरवायची घाई नको. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली तरी पुष्कळ.

पेढ्याबाबत एवढं कबूल की एकाचे कधी कधी दोन व्हायचे. पण पावडरीच्या डब्यात आता मोहरी आहे, आणि वरचं लेबल मी काढू दिलेलं नाही.