सुतारदादांकडची बेरीज

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

लेकराला घरीच शिकवायचं ठरवलंस, पण "मला गणित येत नाही, इंग्रजी येत नाही, मी काय शिकवणार?" असं लिहिलंयस. अगं, तुला सगळं यावं असं कुणी सांगितलं? गावात कुणाला काय येतं, हे तुला माहीत हवं. ते शोधायला चार दारं वाजवावी लागतील, आणि खरं काम तेच आहे.

माझा मुलगा पाचवीनंतर घरी शिकला. अपूर्णांक त्याला काही केल्या उमगेनात. छेद सारखे कर म्हटलं की डोळ्यांत पाणी. आमच्या गल्लीत एक सुतारदादा होते. महिनाभर रोज सकाळी तासभर त्याला तिथं पाठवलं. सुताराच्या मापात इंचाचे ८ भाग, एकेका भागाला सूत म्हणतात. दादांनी एक ७ सुताची पट्टी दिली, एक ५ सुताची. "एकावर एक ठेव अन् सांग, जाडी किती झाली?" पोरानं टेपवर बोट सरकवत मोजलं. "दीड इंच." संध्याकाळी मी वहीत ७/८ आणि ५/८ लिहून बेरीज करायला दिली. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला, मग म्हणाला, "आई, हे तर सूतच आहे की!" त्यानंतर अपूर्णांकाला तो कधी रडला नाही.

दादांनी पैसे घेतले नाहीत. पोरगा रोज निघताना दुकान झाडायचा, भुसा पोत्यात भरायचा. कुणाचा वेळ फुकट घेऊ नकोस. पैसे घेत असतील तर वेळेवर दे, नसतील तर दुसरं काही कर.

एक चूक मात्र मी केली, ती तू करू नकोस. इंग्रजीला एक शिकवणी लावली आणि निर्धास्त झाले. दोन महिन्यांनी वही उघडली, तर नुसती उत्तरं उतरवलेली. एकही वाक्य त्याला स्वतःहून बोलता येईना. पहिले आठ दिवस तू शेजारी बसायचंसच, गुरुजी कितीही नावाजलेले असोत.

कागदाकडे दुर्लक्ष नको. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात आहे. घरी शिकण्याबद्दल वेगळं काही त्यात नाही. पण शाळेबाहेर राहिलेल्या लेकराला वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे परतीची वाट मोकळी आहे. परीक्षेसाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथं पाचवी, आठवी, दहावी, बारावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे. आमच्या मुलानं १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावी दिली. जन्मदाखला आणि जुन्या शाळेचा दाखला आजच फाईलला लाव.

बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात, पण लेकराच्या हातात छापील पुस्तकच दे.

संध्याकाळी त्याला मैदानावर पाठव. खो-खो, कबड्डी, काहीही चालेल. घरी शिकणारं लेकरू एकटं पडतं, आणि ते आईच्या लवकर लक्षात येत नाही.

आणि आपला मराठवाडा दाखव गं त्याला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयात सातवाहनांच्या काळातल्या वस्तू आहेत. तिथल्या व्यापाऱ्यांचा माल रोमपर्यंत जायचा, हे त्या वस्तूंसमोर उभं राहून ऐकलेलं वेगळंच. इथं अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान. आधी तुमच्या अंगणात दोरीनं ४० फूट मोजायला लाव, त्या दोरीच्या कडेनं त्याला चालू दे.

उन्हाळ्यात अभ्यास सकाळी दहाच्या आत उरकत जा. पुढं उकाड्यात लेकराचं लक्ष लागत नाही आणि आपलीही चिडचिड होते.

या आठवड्यात आधी वाचनालयात जा, मग शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे. कोण काय शिकवायला तयार झालं, ते मला लिहून पाठव. सुट्टीत दोघं इकडे या. पासोडी बघायला कधी मिळेल, ते मी विचारून ठेवते. दोरी आणायला विसरू नका.

तुझी,
मावशी