कार्टून नेटवर्क रात्री नऊला का बंद व्हायचं?

प्रश्न असा आहे की नव्वदच्या दशकात रात्री नऊ वाजले की कार्टून नेटवर्कच्या जागी जुने इंग्रजी सिनेमे का लागायचे, आणि हे चॅनल आपल्याकडे आलं कधी, बदललं कसं.

कार्टून आणि सिनेमे दोन्ही एकाच मालकाचे होते, म्हणून. हा मालक म्हणजे सीएनएन काढणारे टेड टर्नर. १९८६ मध्ये त्यांनी हॉलिवूडचा एमजीएम स्टुडिओ विकत घेतला आणि कर्जाचा बोजा झेपेना म्हणून काही महिन्यांतच बहुतेक सगळा विकूनही टाकला. जुन्या चित्रपटांचा साठा मात्र हातचा सोडला नाही. लोक तेव्हा हसले असतील, पण 'टॉम अँड जेरी' त्याच साठ्यात होतं. ते बनवणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएमचा कार्टून विभाग बंद पडल्यावर १९५७ मध्ये स्वतःची कंपनी काढली होती. फ्लिन्टस्टोन्स, योगी बेअर, स्कूबी डू ही सगळी मंडळी तिथली. १९९१ मध्ये टर्नरनी तीही घेतली. आता हाताशी इतकी कार्टून्स आली की ती दाखवायला चॅनलच काढावं लागलं. १ ऑक्टोबर १९९२ ला अमेरिकेत ते सुरू झालं, आणि सुरुवातीला त्यावर बहुतेक सगळा जुनाच माल होता.

आशियात ते १९९४ मध्ये आलं आणि भारतात १ मे १९९५ ला. एकाच वाहिनीच्या जागेत दोन दुकानं: दिवसा कार्टून, रात्री टीएनटी, म्हणजे टर्नरचंच जुन्या सिनेमांचं चॅनल. म्हणजे जेरी बिळात शिरला, की पडद्यावर एमजीएमचा सिंह डरकाळी फोडायचा आणि कृष्णधवल माणसं भराभर इंग्रजी बोलू लागायची. आमच्या घरात त्या डरकाळीचा अर्थ 'पानं घेतलीयेत, या' असाच होता. पुढे टीएनटीच्या जागी त्याच कंपनीचं टीसीएम आलं, आणि २००१ मध्ये कार्टून नेटवर्क चोवीस तासांचं झालं.

माझ्या मते त्याहून मोठी घटना दोन वर्षं आधीच घडली होती. १९९९ च्या सुमारास कार्टून्स हिंदीत बोलू लागली. तोवर दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' हिंदीत पाहिलेल्या पोरांना केबलवर मात्र इंग्रजी ऐकावं लागायचं. 'टॉम अँड जेरी'ला भाषा लागतच नाही, म्हणून ते गावोगावी चाललं. पण 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी'सारख्या मालिकेतले विनोद कळायला हिंदीच यावी लागली. मराठी घरांतल्या एका अख्ख्या पिढीचं हिंदी शाळेपेक्षा इथे पक्कं झालं. दक्षिणेत सन समूहाने तमिळमध्ये चुट्टी टीव्ही आणि तेलुगूत खुशी टीव्ही अशी मुलांची चॅनलं काढली. आपल्याकडे त्या काळात असं काही निघालं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

पुढचं थोडक्यात. कार्टून नेटवर्कच्याच कंपनीने १ जानेवारी २००४ ला पोगो काढलं. त्याच वर्षी हंगामा आणि डिस्ने चॅनलही आले, म्हणजे स्पर्धा सुरू. २००८ मध्ये पोगोवर हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' आला आणि गणितच बदललं. इथे बनलेला, इथले लाडू खाणारा नायक चालतो म्हटल्यावर बाहेरून आणलेल्या मालिकांचा भाव उतरला. कार्टून नेटवर्कनेही २०१० मध्ये 'रोल नंबर २१' आणलं: शाळकरी क्रिस म्हणजे कृष्ण आणि मुख्याध्यापक कनिष्क म्हणजे कंस. कल्पना फक्कड होती. जुने चाहते 'तेव्हापासून चॅनल बिघडलं' म्हणतात, मला ते पटत नाही. त्यांच्या सुवर्णकाळातला अर्धा माल तीस-चाळीस वर्षं जुना होता. आपल्याला तो नवा वाटला, इतकंच.

शेजारच्या देशांत हे हिंदी डबिंग राजकारणापर्यंत पोचलं. बांगलादेशने २०१३ मध्ये हिंदी 'डोरेमॉन'वर बंदी घातली, मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली म्हणून. पाकिस्तानातही २०१६ मध्ये पंजाबच्या विधानसभेत त्याच मालिकेविरुद्ध ठराव आला. ती मालिका कार्टून नेटवर्कवर नव्हे, हंगामा आणि डिस्नेवर लागायची; पण पायवाट १९९९ ची.