बोटं मोजा, मग साबण आणा

प्रश्न : माझ्याकडे पांढऱ्या वायनडॉट जातीच्या सहा तलंगा (तरण्या कोंबड्या) आणि दोन तरणे कोंबडे आहेत. बघणारे म्हणतात, प्रदर्शनात ठेवा. प्रदर्शन दोन महिन्यांवर आलंय. त्यांना आंघोळ कशी घालायची? कुठला पक्षी न्यायचा? आणि एका तलंगेचं शेपटीतलं पीस मोडलंय, ते तोवर येईल का?

उत्तर : आंघोळ तुम्ही सगळ्यात आधी विचारलीत. मीही पहिल्या वेळी तिथूनच सुरुवात केली होती. सिल्की जातीची कोंबडी होती. धुऊन, ड्रायरने फुलवून तिचा पार कापसाचा गोळा केला. परीक्षकांनी तिला उचललं, पाय उलटा करून पाहिला, कार्डावर ‘बाद’ लिहिलं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे गेले. सिल्कीला दोन्ही पायांना पाच-पाच बोटं लागतात. माझीच्या डाव्या पायाला चार होती. सात महिने मी तिला दाणे घालत होते, पण बोटं मोजली नव्हती.

तुमच्या जातीला चार बोटं हवीत. तुरा गुलाबतुरा हवा, म्हणजे डोक्याला चिकटून बसलेला, वर बारीक दाणे असलेला आणि मागचं टोक मानेच्या वळणाने उतरणारा. करवतीसारखा एकेरी तुरा असेल तर तो पक्षी घरीच ठेवा. मात्र विकणाऱ्याने फसवलं असं समजू नका. गुलाबतुऱ्याचा जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेल्या कोंबड्याची प्रजननक्षमता कमी असते, म्हणून एकेरी तुऱ्याचा जनुक चांगल्या वाणातही आत दडून राहतो आणि मधूनच एखाद्या पिल्लात वर येतो. कानाची पाळी लाल हवी. पायांवर किंवा बोटांच्या बेचक्यांत पिसाचं कोंबही नको. काही जण ते उपटून आणतात. मागे राहिलेला खळगा परीक्षकांना दिसतो, आणि ती लबाडी धरली जाते.

बाकीचं मानकात, म्हणजे प्रत्येक जातीचा पक्षी कसा दिसायला हवा ते सांगणाऱ्या पुस्तकात वाचा. प्रदर्शनात कुठलं मानक लागू आहे ते आयोजकांना आधी विचारा. अमेरिकेतलं १८७४पासून निघतंय, ब्रिटनचं वेगळं आहे.

आता मोडलेलं पीस. ते पुढच्या पीसझडीपर्यंत तसंच राहणार. मुळापासून काढलं तर नवं यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तुमच्याकडे जेमतेम तेवढेच आहेत, तेव्हा याच आठवड्यात ठरवा. नवं येणारं पीस रक्ताने भरलेलं असतं, त्याला हात लावू नका.

पांढऱ्या पक्ष्याला कडक उन्हापासून जपा. पिसांवर पितळी झाक चढते आणि ती साबणाने जात नाही. उलट पाय मात्र पिवळेधमक हवेत. तो रंग मका आणि हिरव्या पाल्यातून येतो आणि अंडी सुरू झाली की उतरत जातो. म्हणून बरेच दिवस अंडी देत असलेल्या तलंगेपेक्षा अंड्यावर येऊ घातलेली न्या. मी असते तर दोन तलंगा आणि एकच कोंबडा नेला असता. नोंदणी करताना वय बघा, वर्षाच्या आतल्यांचा वर्ग वेगळा असतो.

सगळ्यात जास्त वेळ पिंजऱ्याच्या सवयीला द्या. रोज थोडा वेळ तिथे बसवा, काडीने हळूच टोकरून उभं राहायला शिकवा, दोन्ही पंख धरून डोकं पुढे ठेवून बाहेर काढा. कोपऱ्यात दबून बसलेल्या पक्ष्याची ठेवण परीक्षकांना दिसत नाही. देखणे पक्षी हरताना मी पाहिलेत, ते बहुधा असेच.

आंघोळ दोन-तीन दिवस आधी घाला, म्हणजे पिसांवरचं नैसर्गिक तेल परत येतं. कोमट पाण्याच्या तीन बादल्या घ्या. पहिलीत सौम्य साबण, दुसरीत थोडं व्हिनेगर, तिसरीत साधं पाणी. डोकं वर धरा आणि पिसं ज्या दिशेने पडतात त्याच दिशेने हात फिरवा. पाय टूथब्रशने घासा. कोमट पाण्यात कोंबडी चक्क पेंगते, घाबरू नका. पूर्ण कोरडी होईपर्यंत उबेत ठेवा. धुण्याच्या बऱ्याच आधी गुदद्वाराभोवती पिसं बाजूला करून उवा आहेत का पाहा. उवा सापडल्या तर पक्षी दारातूनच परत पाठवतात. पुलोरम या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला लागतो का, हेही विचारून ठेवा.

परत आलेले पक्षी थेट खुराड्यात सोडू नका. मी तीस दिवस वेगळे ठेवते. दाणापाण्याची भांडीही वेगळी, आणि आधी घरी राहिलेल्या पक्ष्यांना दाणे घालून मग परत आलेल्यांकडे जाते.