मिशेलश्टाटच्या जुन्या टाउन हॉलचा तळमजला उघडा का? भिंती पडल्या होत्या का?

नाही, पडल्या वगैरे नाहीत. तो बांधलाच तसा. जर्मनीत ओडेनवाल्ड भागातल्या या गावाने 1484 मध्ये हे रातहाउस, म्हणजे टाउन हॉल, उभं केलं. वर सभेची खोली, खाली बाजार. ऊन-पाऊस काहीही असो, माल मांडायला डोक्यावर छप्पर हवं, म्हणून खाली नुसते ओकचे जाडजूड खांब. त्या काळात तिथे अशी सोय बऱ्याच गावांत असे. आल्सफेल्डच्या रातहाउसाखालीही बाजारच भरायचा, फक्त तिथला तळमजला दगडी आहे.

जवळ जाऊन लाकडी सांगाड्याचे सांधे बघा. तुळया एकमेकींत खाचा पाडून बसवतात आणि आरपार लाकडी खुंट्या ठोकतात. भार सगळा सांगाड्यावर. मधली भिंत म्हणजे नुसतं भरण. अशा घरांत ते बहुतेक काटक्या विणून वर माती लिंपलेलं असे. आपल्या कोकणातला कूड आठवा, साधारण तोच प्रकार!

समोरच्या दोन कोपऱ्यांवरचे टोकदार छपरांचे सज्जे मात्र निव्वळ मिरवायला असावेत, असं आपलं माझं मत. 1984 मध्ये 500 वर्षं झाली तेव्हा पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने यावर तिकीटही काढलं होतं.